रोजची डोकेदुखी आणि रोजची गोळी: एका प्रकरणाचा अभ्यास

"डॉक्टर, मेंदूचा स्कॅन लिहून द्या," ही मागणी घेऊनच त्या आल्या होत्या. वय ४१, हिशेब तपासणीचं काम, दिवसाचे आठ-नऊ तास संगणकापुढे. सोबत नवरा. अडीच वर्षांपासून डोकं जवळजवळ रोज दुखत होतं. ओळखीतल्या एकाला मेंदूत गाठ निघाली आणि तेव्हापासून दोघांचीही झोप उडाली होती. रक्तदाब, मधुमेह, दमा, असा कोणताही जुना आजार नाही. "बाकी तब्येत ठणठणीत, फक्त हे डोकं," असं त्या म्हणाल्या.

नाव-गाव इथे मुद्दामच दिलेलं नाही. प्रकरण दुर्मीळ नाही, उलट इतकं नेहमीचं आहे की समोर असूनही नजरेतून निसटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार काही समाजांमध्ये शंभरातल्या पाच जणांपर्यंत लोकांना हा त्रास, म्हणजे वेदनेच्या गोळ्यांच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी, असतो, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. बहुतेकांना आपल्याला नेमकं काय झालंय हे कुणी सांगितलेलंच नसतं.

दोन वेगळ्या डोकेदुख्या

रोज दुखतं म्हणजे कसं दुखतं, हे आधी नीट ऐकून घ्यावं लागतं. त्यांच्या सांगण्यातून हळूहळू दोन चित्रं वेगळी झाली.

एक जुनं. सोळा-सतरा वर्षांच्या असल्यापासून महिन्यातून एखाद-दोन वेळा, बहुधा पाळीच्या आसपास, डोक्याची एक बाजू ठणकायची. जिना चढला की ठणका वाढायचा, उजेड सहन व्हायचा नाही, भांड्याचा आवाजही डोक्यात जायचा, मळमळून उलटी व्हायची. अंधाऱ्या खोलीत पडून राहिलं की दुसऱ्या दिवशी मोकळं. आईलाही असंच व्हायचं. ही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. तिचा झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो आणि तो गेला की मधले दिवस कोरे असतात.

दुसरं चित्र अडीच वर्षांतलं. सकाळी जाग येतानाच डोकं जड. ठणका नाही, दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं, मंद, पण सतत. दहा-अकरा वाजेपर्यंत वाढतं, गोळी घेतली की दोन तासांत उतरतं, संध्याकाळी परत हजर. शिवाय अधूनमधून या मंद दुखण्याच्या डोक्यावर जुना ठणकणारा झटका येऊन बसतो. कोरे दिवस जवळपास संपलेच होते.

या अडीच वर्षांत त्या स्वस्थ बसलेल्या नव्हत्या. चष्म्याचा नंबर तपासला, किंचित बदलला, नवा चष्मा आला, दुखणं तसंच. नाक चोंदतं आणि कपाळ दुखतं म्हणून सायनस ठरलं, प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले. मळमळ होते म्हणून पित्त ठरलं, सकाळी उपाशीपोटी आम्लपित्ताची गोळी सुरू झाली. मान आखडते म्हणून मानेचा एक्स-रे निघाला, त्यात या वयात कितीतरी जणांच्या मणक्यांत दिसते तशी थोडी झीज दिसली आणि तिच्यावर दोष गेला.

हे सगळं मूर्खपणाचं होतं असं अजिबात नाही. अर्धशिशीत चेहऱ्याच्या चेतातंतूंमार्फत नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, मान दुखते, पोट ढवळतं. एकेका लक्षणाकडे सुटं पाहिलं तर सायनस, पित्त, मान ही निदानं अगदी पटण्यासारखी वाटतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, सायनसची डोकेदुखी असल्याचं समजणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेल्या सुमारे ३,००० लोकांना तपासलं. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीशी जुळणारी निघाली. खऱ्या सायनसच्या संसर्गात सहसा घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, वास जाणं, ताप अशी जोड असते. या बाईंना त्यातलं काहीच नव्हतं.

कुणी न विचारलेला प्रश्न

"गोळी किती वेळा घेता?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "दुखलं तरच घेते." त्याही हेच म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. दुखत रोज होतं.

म्हणून प्रश्न बदलला. "गेल्या महिन्यात असे किती दिवस गेले, ज्या दिवशी डोक्यासाठी, अंगासाठी, सर्दीसाठी, कशासाठीही वेदनेची एकसुद्धा गोळी पोटात गेली नाही?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग नवरा म्हणाला, "रविवारी कधी कधी नाही घेत."

पर्समधल्या गोळ्या टेबलावर काढायला सांगितल्या. तीन कप्प्यांमधून मिळून पाच पट्ट्या निघाल्या. पॅरासिटामॉलची एक. पॅरासिटामॉल, दुसरं एक वेदनाशामक आणि कॅफीन अशा मिश्रणाच्या दोन. त्यातली एक कात्रीने अर्धी कापलेली, म्हणजे उरलेली अर्धी ऑफिसच्या खणात. एक आयबुप्रोफेनची, जी मुलाच्या दातदुखीला आणलेली होती. एक सर्दीच्या गोळ्यांची. शिवाय कागदी रुमालात गुंडाळलेली एक सुटी गोळी. ती कशाची हे त्यांनाही सांगता येईना, पण "मीटिंगमध्ये दुखलं तर हाताशी असावी" म्हणून ती सोबत असायची. कधी कधी तर दुखण्याआधीच घेतली जायची. मीटिंग आहे, प्रवास आहे, लग्नाला जायचंय, उगाच डोकं नको धरायला, म्हणून एक आधीच.

या पाचही पट्ट्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी घरात आल्या होत्या. त्यामुळे एकूण बेरीज कुणाच्याच समोर नव्हती. हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेल्या बाईंच्याही नाही.

त्या दिवशी औषध बदललं नाही. चार आठवड्यांची एक वही ठेवायला सांगितली. रोज एकच ओळ: तारीख, दुखणं किती, काय घेतलं. दुखण्याला तीनच पायऱ्या. काम चालू राहतं ती पहिली, काम रेंगाळतं ती दुसरी, आडवं व्हावंच लागतं ती तिसरी. पाळीच्या तारखांना खूण. दहापैकी किती दुखतं असं विचारलं की माणूस विचारात पडतो, "काम झालं का" याचं उत्तर मात्र लगेच येतं.

स्कॅनचं काय

ही मागणी टाळून पुढे जाता येत नाही. त्या भीतीने आल्या होत्या, आणि "काही नाही हो, टेन्शन आहे तुम्हाला" असं म्हटल्याने भीती जात नाही, फक्त ती दुसऱ्या दवाखान्यात जाते.

म्हणून कोणती डोकेदुखी धोक्याची, हे दोघांना समोर बसवून एकेक करून विचारलं. आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी क्षणार्धात, मिनिटभराच्या आत शिखराला पोहोचली असं कधी झालं का? तसं झालं तर मेंदूतल्या रक्तस्रावाची शक्यता असते आणि त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जायचं असतं. डोकेदुखीसोबत ताप आणि मान पुढे वाकत नाही? हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, फिट येणं, एकाएकी दिसेनासं होणं? खोकताना, शिंकताना, वाकताना दुखणं उसळून येणं? डोक्याला मार? कर्करोग किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार? गरोदरपण किंवा नुकतंच बाळंतपण? आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशील दुखतं, केस विंचरताना टाळू दुखते, चावताना जबडा भरून येतो अशी. कारण त्यात कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

सगळ्याची उत्तरं "नाही." मग तपासणी. डोळ्यांच्या मागचा पडदा पाहिला, कारण डोक्यातला दाब वाढला की तिथल्या मज्जातंतूच्या टोकाला सूज दिसते. सूज नव्हती. चालणं, तोल, हातापायांची ताकद, चेहऱ्याच्या हालचाली ठीक. मानेचे आणि जबड्याचे स्नायू घट्ट, दाबल्यावर दुखरे. रक्तदाब १४२/९०, जो त्यांना नवीन होता. रक्त तपासलं तर मूत्रपिंडाचं काम ठीक, हिमोग्लोबिन मात्र १०.४.

शेवटच्या दोन आकड्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नव्हतं. आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात आणि जठराच्या अस्तराला इजा करून थोडं थोडं रक्त वाहू देतात. पाळीतल्या रक्तस्रावानेही हिमोग्लोबिन कमी होतंच, पण रोजच्या गोळ्यांचा वाटा नाकारता येत नव्हता. लोहाची गोळी सुरू केली. शौचाला काळं, डांबरासारखं होतं का, हे विचारून ठेवलं आणि तसं झालं तर लगेच यायला सांगितलं. लोहाच्या गोळीनेही रंग काळपट होतो, त्यामुळे चिकटपणा आणि वास यांकडे लक्ष द्या, हेही सांगावं लागलं.

स्कॅन तेव्हा लिहिला नाही. जुनी अर्धशिशी स्पष्ट, तपासणी निर्दोष, धोक्याचं एकही चिन्ह नाही आणि बिघडण्याचं कारण समोर टेबलावर पडलेलं; अशा वेळी स्कॅनमधून उपचार बदलेल असं काही निघण्याची शक्यता फार थोडी असते. निघतात ते एखादे पांढरे ठिपके, एखादी निरुपद्रवी गाठोळी, आणि मग त्या ठिपक्यांची भीती वर्षानुवर्षं. वहीत काही वेगळं दिसलं किंवा गोळ्या थांबवूनही सुधारणा झाली नाही तर स्कॅन करू, असं ठरलं. नकाराला अशी मुदत आणि अट जोडलेली असली की माणसाला तो पटतो असा अनुभव आहे. दोघांनी तो मान्य केला.

चार आठवड्यांची वही

२८ दिवसांपैकी २५ दिवस डोकेदुखी. त्यातले ५ दिवस तिसऱ्या पायरीचे. वेदनेची गोळी घेतलेले दिवस २२, त्यातले १७ दिवस कॅफीनच्या मिश्रणाचे.

निदान या आकड्यांतच होतं: वेदनाशामकांच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणाच्या २०१८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तिचे निकष दिलेले आहेत. आधीपासून डोकेदुखीचा विकार असलेल्या माणसाला महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखतं, आणि तो तीन महिन्यांहून जास्त काळ साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा अधिक दिवस घेतोय. किंवा मिश्र गोळ्या, ट्रिप्टान किंवा अर्गोटॅमिन (ही दोन्ही अर्धशिशीच्या झटक्यावरची औषधं), अफूजन्य औषधं १० किंवा अधिक दिवस घेतोय.

या निकषांत गोळ्यांची संख्या कुठेच नाही, दिवसांची आहे. एखाद्या भीषण झटक्यात एकाच दिवशी योग्य मात्रेत दोन-तीन वेळा औषध घेतलं, तर तो एकच दिवस धरायचा. रोज सकाळी "अर्धीच तर घेते" म्हणणारी व्यक्ती मात्र महिन्याचे तीस दिवस भरते. कमी घेतोय या समाधानात ती असते, आणि तिची डोकेदुखी नेमकी त्याच सवयीवर पोसली जाते. हे बहुतेकांना पहिल्यांदा ऐकताना खरं वाटत नाही.

ही काही नवी समजूत नाही. १९५१ साली मेयो क्लिनिकच्या पीटर्स आणि हॉर्टन यांनी अर्गोटॅमिन जास्त घेणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं होतं. औषध थांबवल्यावर आधी त्रास वाढतो, मग उतरतो, हे त्यांनी नोंदवलं. पुढे एकेका वेदनाशामकाबाबत तेच दिसत गेलं. आणखी एक निरीक्षण फार बोलकं आहे. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं रोज वेदनाशामकं घेणाऱ्या, पण मुळात डोकेदुखीचा कल नसलेल्या लोकांना हा त्रास होत नाही. म्हणजे गोळी एकटी दोषी नाही. अर्धशिशीचा कल असलेल्या मेंदूत वेदनेचे मार्ग आधीच हळवे असतात, आणि वारंवारच्या गोळ्यांनी ते अधिक हळवे होत जातात. गोळीचा असर ओसरला की दुखणं उठतं, त्यासाठी पुढची गोळी, तिचा असर ओसरला की पुन्हा. पहाटेच दुखायला लागतं त्याचं एक कारण हेच: रात्रभरात औषध उतरलेलं असतं, आणि कॅफीनही.

हे ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे कर्जाचं व्याज फेडायला नवं कर्ज." आणि लगेच, आवाज बदलून, "म्हणजे मीच माझं डोकं दुखवून घेतलं?"

नाही. कामावर जायचं होतं, मुलं होती, डोकं दुखत होतं आणि गोळीने बरं वाटत होतं. त्या परिस्थितीत कुणीही शहाणा माणूस गोळीच घेईल. आम्लपित्ताची गोळी देणाऱ्याने, चष्मा बदलणाऱ्याने, प्रतिजैविकं लिहिणाऱ्याने, कुणीच दिवस मोजायला सांगितले नव्हते. दोष ठरवत बसलं की पुढच्या वेळी माणूस गोळ्या लपवतो, आणि मग वहीचा काही उपयोग राहत नाही.

थांबवताना

गोळ्या कशा थांबवाव्यात यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. काही जण एकदम थांबवतात, काही जण आठवड्यातून दोन दिवसांपुरती मोकळीक ठेवतात, काही जण आधी प्रतिबंधक औषध, म्हणजे झटके येऊच नयेत म्हणून रोज घ्यायचं औषध, सुरू करून वाट पाहतात. या प्रकरणात एकदम थांबवणं आणि त्याच दिवसापासून प्रतिबंधक औषध, असा मार्ग घेतला. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा कॅफीनचं मिश्रण घरच्या घरी एकदम बंद करता येतं. अफूजन्य वेदनाशामकं किंवा झोपेच्या-शामक गोळ्या यांचं तसं नाही. त्या अचानक तोडल्या तर धोका असतो, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवाव्या लागतात. म्हणून पर्समधली ती बेनाव सुटी गोळी कशाची हे शोधून काढलंच. आयबुप्रोफेनच निघाली.

प्रतिबंधक म्हणून प्रोप्रॅनोलॉल निवडलं. अर्धशिशीवर ते चांगलं चालतं, रक्तदाबालाही मदत होते. दमा असलेल्यांना ते देत नाहीत, म्हणून तो प्रश्न पुन्हा विचारला. झोपेची तक्रार मोठी असती तर कदाचित कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलीन निवडलं असतं. कोणतंही घेतलं तरी असर दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि हे आधी सांगितलं नाही तर दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून ते बंद पडतं.

तारीख त्यांनी स्वतः निवडली. तिमाहीचे हिशेब संपल्यावरचा शुक्रवार, पुढे चार दिवस रजा. नवऱ्याने घरातल्या आणि ऑफिसच्या खणातल्या पट्ट्या गोळा करून कपाटात कुलुपात ठेवल्या. चहा-कॉफी मात्र एकदम तोडायची नाही असं ठरलं. मिश्रणातलं कॅफीन जाणारच होतं. त्यात कपातलंही गेलं तर दुहेरी मार बसतो. कॅफीन सुटल्याची डोकेदुखी १२ ते २४ तासांत सुरू होते, एक-दोन दिवसांत शिखराला जाते आणि आठवडाभरात बहुधा ओसरते. आधी कपांची वेळ आणि संख्या ठरवून घेतली, कमी करणं पुढच्या महिन्यात.

काय होणार हे लपवलं नाही. दोन ते दहा दिवस आधीपेक्षा जास्त दुखेल, मळमळेल, झोप उडेल, चिडचिड होईल. काहींना ते चार आठवड्यांपर्यंतही रेंगाळतं. उलटीसाठी औषध दिलं. थंड पट्टी, अंधार, थोडं थोडं पाणी. आणि गोळी घ्यावीशी वाटली तर आधी फोन.

फोन तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, नवऱ्याचा. "रडतायत. एक तरी देऊ का?" ताप नाही, बोलणं स्पष्ट, मान वाकते, हातपाय ठीक, दिसणं ठीक, उलटी दोनदा पण पाणी पोटात ठरतंय. म्हणजे अपेक्षित वाटेवरच होत्या. उलटीचं औषध पुन्हा द्यायला सांगितलं, आणि दर तासाला पाणी. रात्री त्या झोपल्या. सहाव्या दिवशी वहीत पहिल्यांदा रकाना कोरा राहिला.

त्या तिसऱ्या संध्याकाळी फोन उचलायला कुणी नसतं तर ही सगळी मेहनत बहुधा वाया गेली असती. या उपचारात यंत्र नाही, महागडं औषध नाही. समजावून सांगणं आणि तीन-चार अवघड दिवसांत सोबत राहणं, एवढाच खरा उपचार आहे. नॉर्वेत झालेल्या एका चाचणीत कुटुंबाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांशी थोडक्यात बोलून गोळ्यांचे दिवस आणि डोकेदुखी यांचा संबंध उलगडून सांगितला, कमी करण्याचा सल्ला दिला. तीन महिन्यांनी सुमारे निम्म्या लोकांची डोकेदुखी जुनाट राहिली नव्हती.

पहिल्या महिन्यात दुखण्याचे दिवस १६, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात ६. सकाळचं जडपण गेलं. जुने ठणकणारे झटके मात्र राहिले, महिन्याला दोन-तीन. ते राहणारच होते. अर्धशिशी गेलेली नाही, तिच्यावर साचलेला थर गेलाय.

या झटक्यांसाठी आता काय, हा प्रश्न महत्त्वाचा, कारण गोळीची इतकी धास्ती बसलेली असते की माणूस खऱ्या झटक्यातही दात-ओठ खाऊन सहन करत बसतो आणि मग खूप उशिरा अर्धी गोळी घेतो. हे चुकीचं. खरा झटका ओळखला की लवकर, पुरेशा मात्रेत, हवं तर उलटीच्या औषधासोबत घ्यायचं आणि पडून राहायचं. मर्यादा आठवड्यातल्या दोन दिवसांची. पर्समध्ये एकाच औषधाची एकच पट्टी. मिश्रणाच्या गोळ्या घरातून कायमच्या बाद.

चौथा महिना

या महिन्यात वही पुन्हा भरू लागली. सुरुवात साध्या सर्दी-तापाने झाली. घरी आलेल्या नणंदेने काळजीपोटी सर्दीच्या गोळ्या दिल्या, "डोक्याच्या नाहीत या, सर्दीच्या आहेत." त्या सलग नऊ दिवस चालल्या. शिवाय ताप आला की वेगळं पॅरासिटामॉल. वहीत सर्दीची गोळी लिहिलेलीच नव्हती, कारण ती डोक्यासाठी घेतली नव्हती. दुखण्याचे दिवस ६ वरून १३ वर गेले, तेव्हा पाकीट घेऊन यायला सांगितलं.

सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, कित्येकांत कॅफीनही. त्या दिवसांत त्यांच्या पोटात पॅरासिटामॉल दोन वाटांनी जात होतं. निरोगी प्रौढ माणसाला दिवसात ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारूचं प्रमाण जास्त असेल तर मर्यादा आणखी खाली. त्यापलीकडे यकृताला इजा होते आणि पहिल्या दिवशी कळतही नाही, कारण सुरुवातीला फक्त थोडी मळमळ असते. सुदैवाने त्यांची बेरीज मर्यादेच्या आत होती. साध्या सर्दीला मुळात गोळीची गरज फार कमी. ती सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, विश्रांती, पाणी. तापाने अंग मोडत असेल तर नुसतं पॅरासिटामॉल, एक-दोन दिवस, वहीत लिहून.

पहिल्या वर्षात साधारण तीनातला एक जण पुन्हा जुन्या वाटेवर जातो. यात कमकुवत मनाचा प्रश्न नसतो. सर्दी, दातदुखी, पाठीत उसण, पाळीचं दुखणं, अशा कुठल्याही दाराने गोळ्या परत येतात. म्हणून वहीतल्या तिसऱ्या रकान्याचं शीर्षक आम्ही बदललं. आधी तिथे "डोक्यासाठी काय घेतलं" असं होतं, आता "कुठलीही वेदना, ताप, सर्दी, काहीही." नणंदेलाही ते वाचायला दिलं, त्यांनी आपल्याही गोळ्या मोजायला घेतल्या.

आज

वर्ष होत आलंय. दुखण्याचे दिवस महिन्याला ४ ते ५, गोळीचे ३ ते ४. रक्तदाब १२४/८०. हिमोग्लोबिन १२.३. आम्लपित्ताची गोळी बंद आहे, मळमळही नाही. स्कॅन झालेला नाही आणि आता त्यांनी तो मागितलेला नाही. त्या धोक्याच्या लक्षणांची यादी मात्र फ्रिजवर लावलेली आहे.

मधल्या काळात तेरा वर्षांच्या मुलीचंही डोकं महिन्यातून एक-दोनदा दुखू लागलं. त्यांनी तिला स्वतःच्या पट्टीतली गोळी दिली नाही, वेगळी वही दिली. मुलीची झोप, जेवणाची वेळ आणि परीक्षेचे दिवस असे तीन रकाने आईनेच वाढवले. मुलांना वेदनेचं औषध वजनाप्रमाणे द्यावं लागतं, आणि १६ वर्षांच्या आत ॲस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नाही, कारण विषाणूच्या तापात त्याने यकृत आणि मेंदूला घातक ठरणारा आजार क्वचित होऊ शकतो. मुलीच्या तीन महिन्यांच्या वहीत दोन झटके उपाशी राहिलेल्या दिवसांचे आणि एक रात्री दीडपर्यंत जागल्यानंतरचा. तिला औषधापेक्षा वेळेवर जेवण आणि झोप लागेल असं सध्या तरी दिसतंय.

आईचं प्रोप्रॅनोलॉल आता कमी करायचं ठरलंय. ते एकदम बंद करत नाहीत, नाहीतर छातीत धडधड होते आणि रक्तदाब उसळू शकतो. मात्रा दर दोन आठवड्यांनी एक पायरी खाली आणायची. त्या काळात वही पुन्हा रोज भरायची, आणि सलग दोन महिने गोळीचे दिवस आठच्या वर गेले तर औषध आधीच्या मात्रेवर न्यायचं.